रात्री येणारे ऑफिसचे मेसेज आणि न मिळालेला ओव्हरटाइम: इंग्रजीत कसं लिहावं

रात्री साडेदहाला साहेबांचा मेसेज आला की इंग्रजी उत्तर एक तर गुळमुळीत होतं, नाहीतर भांडण उकरून काढल्यासारखं.

आधी 'सॉरी' खोडा. कामाची वेळ संपल्यावर उत्तर दिलं नाही, तर त्यात माफी मागण्यासारखं काही नाही. मग 'आय कान्ट डू धिस नाऊ' काढून लिहा: 'आय विल स्टार्ट ऑन धिस ॲट नाइन टुमॉरो अँड सेंड इट बाय नून.' नकाराचा शब्दही नाही, तरी आज रात्री काम होणार नाही हे कळतं. इथे 'टिल नून' मात्र नको; त्याचा अर्थ बारापर्यंत पाठवतच राहीन असा होतो. आणि पाहुणे, डोकेदुखी अशी कारणं देऊ नका. कारण दिलं की घासाघीस सुरू.

काम खरंच तातडीचं वाटलं तर विचारा: 'डझ धिस नीड टु गो आउट टुनाइट, ऑर कॅन इट वेट अनटिल मॉर्निंग?' मग 'आजच हवं' हे त्यांनाच लिहून द्यावं लागतं. पुढे पैसे मागताना तेच कामी येतं.

ओव्हरटाइमसाठी मेसेज नको, ईमेलच करा. 'आय वर्क्ड सिक्स अवर्स ऑफ ओव्हरटाइम लास्ट वीक ॲट युवर रिक्वेस्ट. दीज अवर्स आर नॉट ऑन माय पेस्लिप. कुड यू टेल मी व्हेन दे विल बी पेड?' सगळी मेख त्या 'व्हेन'मध्ये आहे. तिथे 'इफ' लिहिलंत तर पैसे द्यायचे की नाही, इथपासून चर्चा. 'यू डिड नॉट पे मी' खरं असलं तरी पहिल्या ईमेलमध्ये नको. आठवडा संपलेला नसेल तर 'आय हॅव वर्क्ड... धिस वीक'. 'ऑलवेज', 'एव्हरी डे' काढून तारखा घाला. 'ओव्हरटाइम्स' असं अनेकवचन करू नका.

कायद्याचा हवाला शेवटी. 'राइट टु डिस्कनेक्ट', म्हणजे कामाची वेळ संपल्यावर ऑफिसच्या मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क, फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे, पण सगळीकडे नाही. आधी आपला करार वाचा. ओव्हरटाइमचं कलम असेल तर 'ॲज पर क्लॉज...' एवढं पुरे.

आठवडाभर उत्तर नाही आलं, तर नवीन ईमेल करू नका. जुन्यालाच रिप्लाय करून एक ओळ टाका: 'फॉलोइंग अप ऑन धिस. कुड यू रिप्लाय बाय फ्रायडे?' खाली आधीची तारीख दिसतेच.