दोर तिच्या हातात राहू द्या : मुलींसोबत पागेत काम करणाऱ्या नवख्यांसाठी

घोड्यांच्या सोबतीने मुलींना मनाने सावरायला मदत करायची, या कामात येणाऱ्या अनेकांना घोडेस्वारी उत्तम येते, आणि पहिला घोळ तिथेच होतो. मारहाण सोसलेल्या किंवा घर सुटलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी खोगिरावर बसवलं, तर ती चार-पाचशे किलोंच्या जनावरावर अडकते. लगाम दुसऱ्याच्या हातात, उतरायचं कधी तेही दुसराच ठरवणार. तिच्या बाबतीत आजवर हेच होत आलेलं असतं. म्हणून सुरुवातीची सत्रं जमिनीवरच ठेवा. घोड्यांच्या मदतीने मानसोपचार करण्यासाठी १९९९ साली सुरू झालेल्या 'इगाला' संस्थेच्या पद्धतीत तर कुणी घोड्यावर बसतच नाही, आणि घोडा जाणणारा एक व मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला एक असे दोघं सोबत असतात. दोन्ही कामं एकट्याने अंगावर घेऊ नका. घोड्याचे पाय बघताना मुलीचा चेहरा बघायचा राहतो.

पहिल्या दिवशी कुंपणाबाहेरून बघणं पुरे. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं. जवळ जायचं ते तिरकं, खांद्याच्या दिशेने, तोंडाने काहीतरी बोलत. कान टवकारलेले की मागे पाडलेले, हे बऱ्याच मुली चटकन ओळखतात. आवाज चढण्याआधी चेहरा वाचावा लागतो अशा घरात वाढल्यावर ही नजर येतेच. इथे ते कौशल्य आहे, तसं तिला सांगा.

मग खरारा. रबरी खरारा मानेवर, खांद्यावर, पाठीवर गोल फिरवायचा. चेहरा आणि गुडघ्याखालचे पाय मऊ ब्रशने. खूर टाचेकडून पुढच्या टोकाकडे साफ करतात, मधल्या त्रिकोणी मऊ भागाला टोचू न देता. घोडा पाय उचलत नसेल तर बहुधा त्याचा भार त्याच पायावर असतो. खांद्याने हलकं रेटलं की तो भार दुसरीकडे टाकतो. हे लगेच सांगून टाकू नका, तिला थोडं झटू द्या.

खरं काम घोड्याला मागे सरकवण्यात आहे. दोर साधारण तीन मीटरचा, उरलेला घडी करून धरायचा. हाताला गुंडाळला आणि घोडा बुजला, तर बोटं तुटू शकतात. घोडा फार जवळ आला की दोर हलवून 'मागे' म्हणायचं आणि त्याने एक पाऊल घेतलं की त्याच क्षणी हात थांबवायचा. थांबायला उशीर झाला तर आपण बरोबर केलं हे घोड्याला कळतच नाही. मुली आधी पुटपुटतात, मान खाली असते, घोडा ढिम्म. मग एकदम ओरडतात, हिसका देतात. घोडा डोकं वर करून ताठरतो. या दोन टोकांच्या मधला सूर तिला स्वतःला सापडायला हवा, आणि नवखा मदतनीस नेमका तेव्हाच पुढे होऊन दोर घेतो. घेऊ नका. घोड्याने कान पाडून मागचे पाय तिच्याकडे वळवले तर मात्र क्षणही न दवडता मध्ये पडा.

कौतुक नेमकं करा: 'तू हात थांबवलास, म्हणून तो थांबला.' 'घोड्याला तू फार आवडतेस' हे वाक्य टाळाच. पुढच्या वेळी माशीने वैतागून त्याने तोंड फिरवलं तरी ती ते स्वतःवर ओढून घेईल.

हेल्मेटचा पट्टा तिच्या हनुवटीखाली तुम्ही लावू नका; आपला लावून दाखवा, ती बघून लावेल. मदत लागलीच तर विचारून हात लावा. चेहरा दिसेल असे फोटो नकोत, संस्थेला देणगीसाठी कितीही हवे असले तरी. 'आज नको' हे उत्तर चालतं, घोड्याचंही. त्याला खरारा नको असेल तर तो सोडून दुसरा घोडा घ्या.

एकूण सत्रं किती, हे पहिल्या दिवशीच सांगा आणि दर वेळी उरलेली मोजून दाखवा. घोडा आजारी पडला किंवा दुसरीकडे गेला तर ती पागेत पाऊल टाकण्याआधी तिला कळलं पाहिजे.