देवीसाठी अबोलीची फाती कशी गुंफावी

फाती म्हणजे दोऱ्यावर गाठी मारून गुंफलेला फुलांचा सर. तिच्यासाठी फुले तोडण्यापूर्वी ती कोणासाठी हवीत हे ठरवावे, कारण प्रत्येक देवतेच्या आवडीनिवडी परंपरेने ठरलेल्या आहेत. गणपतीला तांबडी जास्वंद आणि दूर्वा वाहतात, पण एरवी त्याला तुळस वाहत नाहीत, ती विष्णूची. शंकराला केवडा वर्ज्य आहे. गोव्यातल्या म्हार्दोळच्या म्हाळसादेवीला जाईचा मान असून जायांच्या पूजेला तिचे देऊळ जाईच्या फात्यांनी भरून जाते. अबोलीला तर गंधच नाही. तरीही देवीच्या गळ्यात आणि सवाष्णीच्या अंबाड्यावर तिला स्थान मिळाले, ते माझ्या मते तिच्या टिकाऊपणामुळे. रात्री उमललेली जाई दुसऱ्या दिवशी मलूल होते, अबोलीचा केशरी रंग मात्र तोडल्यानंतरही सहसा लगेच उतरत नाही.

अबोलीच्या कणसावर फुले खालून वर उमलत जातात, म्हणून सकाळी खालची पूर्ण उमललेली फुले तेवढी अलगद ओढून घ्यावीत आणि वरच्या कळ्या राखाव्यात. फुलाची बारीक, लांब नळी शाबूत राहिली पाहिजे, कारण गाठ तिच्यावरच बसते. दोऱ्यासाठी केळीच्या वाळलेल्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, धागे काढून पाण्यात भिजवावेत. सुती दोरा चालतो, नायलॉनचा मात्र नळी कापतो.

दोऱ्याचे एक टोक डाव्या हातात धरावे. त्यावर दोन फुले एका बाजूला व दोन विरुद्ध बाजूला तोंड करून ठेवावीत, जेणेकरून नळ्या मध्यभागी एकमेकींवर येतील. दुसऱ्या टोकाचा त्यांच्याभोवती एक वेढा घेऊन ते टोक वेढ्यातून काढावे आणि गाठ बेताने आवळावी. सैल राहिली तर फुले गळतात, फार ओढली तर नळ्या तुटतात. हा अंदाज सरावानेच येतो. पुढची जोडी आधीच्या गाठीला खेटून घ्यावी, म्हणजे खालचा दोरा दिसणार नाही. गंधासाठी मधूनमधून मरव्याची काडी गुंफावी.

सांजांव या गोव्यातल्या ख्रिस्ती सणाला, म्हणजे 24 जूनला, डोक्यावर घालायच्या कोपेलासाठी (पानाफुलांच्या मुकुटासाठी) ही फाती वापरू नये. तो घालून विहिरीत उड्या मारतात, आणि तिथे चिवट वेली व पानेच तग धरतात.

तयार फाती ओल्या केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवावी. देवीला वाहण्यापूर्वी ती हुंगू नये, केसांतही माळू नये; घरातल्या बायकांसाठी वेगळी गुंफावी.