उद्योगपती-राष्ट्राध्यक्षाचा मृत्युलेख कसा लिहावा: सेबास्तियान पिन्येरा यांचं उदाहरण

पैसेवाला उद्योजक राजकारणात येतो, मोठ्या पदावर जातो आणि मग वारतो. त्याच्यावर लिहिलेले लेख बहुतेक वेळा एकाच जागी कच्चे राहतात: धंदा आणि सत्ता एकत्र चालली ती वर्षं. ‘आधी उद्योगपती, नंतर नेते’ अशी सरळ विभागणी केली की खरा माणूस हातातून निसटतो. चिलीचे दोनदा (२०१०–२०१४ आणि २०१८–२०२२) राष्ट्राध्यक्ष राहिलेले पिन्येरा (१९४९–२०२४) यांचं उदाहरण घेऊन पाहू.

नावापासून सुरुवात करा. पूर्ण नाव मिगेल हुआन सेबास्तियान पिन्येरा एचेनिके. स्पॅनिश रीतीत वडिलांचं आडनाव आधी आणि आईचं शेवटी येतं, म्हणून नुसतं ‘एचेनिके’ लिहिणं चूक. ‘पिनेरा’ही नको, तिथला उच्चार ‘न्य’ आहे.

मग तारीख. ज्या हेलिकॉप्टर अपघातात ते गेले, तो ६ फेब्रुवारी २०२४ ला दुपारी तीनच्या सुमाराचा. चिलीच्या उन्हाळी वेळेपेक्षा आपण साडेआठ तास पुढे, म्हणजे इथे रात्रीचे साडेअकरा. बातमी मराठी वाचकापर्यंत पोचली तेव्हा ७ तारीख लागली होती, आणि ‘काल’ किंवा ‘आज’ लिहिलं की घोटाळा होतो. मृत्यूची तारीख नेहमी घटनास्थळाची द्या.

कारण लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. रांको सरोवरात हेलिकॉप्टर कोसळलं, पिन्येरा स्वतः ते चालवत होते. आत चौघं होते, तिघं वाचले. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण निघालं ते बुडून श्वास कोंडणं. ‘अपघातात जागीच ठार’ हे वाक्य सवयीने पडतं आणि इथे ते खोटं ठरतं.

आता मुख्य काम. कागदावर उभी रेघ मारा, डावीकडे धंदा, उजवीकडे पद, आणि वर्षं खालोखाल लिहीत चला. डावीकडे: १९७०च्या दशकाच्या अखेरीस बँकार्ड या कंपनीतून चिलीत क्रेडिट कार्डाचा व्यवसाय, १९९४ मध्ये लान या विमान कंपनीत मोठा हिस्सा, २००५ मध्ये चिलेव्हिजन ही वाहिनी. उजवीकडे: १९९० ते १९९८ सिनेटर, २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, ११ मार्च २०१० ला शपथ. आता आडवं वाचा. लान घेतली तेव्हा ते सिनेटर होते. वाहिनी आणि उमेदवारी एकाच वर्षातली. लानचे उरलेले शेअर शपथेनंतर काही दिवसांनी विकले गेले, आणि वाहिनी विकायला त्याच वर्षीचा ऑगस्ट उजाडला. लेखातली निम्मी जागा या आडव्या ओळींना द्या. इथे विशेषणांची गरजच पडत नाही, तारखा पुरेशा बोलतात.

दंड आणि शिक्षा यांत गल्लत करू नका. कंपनीची आतली माहिती हाती असताना लानचे शेअर खरेदी केल्याप्रकरणी त्यांना २००७ मध्ये सुमारे ३६ कोटी पेसोंचा (चिलीचं चलन) दंड झाला. तो बाजार नियामकाने लावला, न्यायालयाने नव्हे, त्यामुळे ‘गुन्हा सिद्ध झाला’ लिहिता येत नाही. महाभियोगाचंही तसंच: नोव्हेंबर २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहात तो मंजूर झाला, सिनेटमध्ये पडला. २९ मतं हवी होती, २४ मिळाली. एकच अर्धं लिहिलं की लेख कुणा ना कुणाचा प्रचार होतो.

संपत्तीच्या आकड्याशी वर्ष आणि अंदाज कुणाचा, हे दोन्ही हवं. एक बिलियन म्हणजे एक अब्ज, म्हणजे १०० कोटी. दोन अब्ज डॉलर ८३ रुपयांच्या दराने १६,६०० कोटी रुपये होतात. दर कंसात द्या, आणि तो मृत्यूच्या दिवसाचा धरा, लिहिण्याच्या दिवसाचा नको.

राजवटीतून दोनच प्रसंग निवडा, एक उजळ, एक काळा, आणि दोन्ही जवळून दाखवा. २२ ऑगस्ट २०१० ला सान होसे खाणीबाहेर पिन्येरांनी एक कागद कॅमेऱ्यांसमोर धरला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: आम्ही ३३ जण आसऱ्यात सुखरूप आहोत. खाण कोसळून आत अडकलेले ते सगळे खाणकामगार अडकल्यापासून ६९ दिवसांनी वर आले. दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०१९ चा. मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं आणि राजधानी सान्तियागो पेटली. रस्त्यावर सैन्य उतरलं, पोलिसांच्या छऱ्यांनी अनेकांचे डोळे गेले. मृत्युलेख आहे म्हणून हा भाग एका ओळीत उरकणं डोळे गमावलेल्यांवर अन्याय आहे.

शोकसंदेश एकच घ्या, तोही विरोधकाचा. पिन्येरांवर कडाडून टीका करत मोठे झालेले गाब्रिएल बोरिच तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते, आणि शासकीय इतमामाची घोषणा त्यांनीच केली. ती घोषणा शब्द न बदलता द्या, आणि तिच्या आधी बोरिच यांनी केलेली टीकाही.