लिंबाच्या एका झाडाने शिकवलेलं मॅक्रो

मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे किड्यांसारख्या बारीक गोष्टींचे अगदी जवळून मोठे फोटो काढणं, सुरू करायची म्हटलं की पहिला प्रश्न लेन्सचा येतो. मला कुणी विचारलं तर मी आधी विचारते, "जागा कुठली धरलीस?" माझी पहिली दोन वर्षं जागा न धरल्यामुळे वाया गेली. सुट्टी आली की नवं रान, नवं तळं. दिवसभराची वणवण, तीनशे फोटो, त्यातले दोन बरे. त्या दोन फोटोंतला किडा काय खातो, कुठे राहतो, यातलं काहीही मला सांगता येत नसे. मग पाय मोडला, दीड महिना घरात बसावं लागलं, आणि खिडकीतल्या कुंडीतलं लिंबाचं झाड तेवढं हाताच्या अंतरावर उरलं.

त्याच्या एका कोवळ्या पानावर पाखराची शीट पडलेली होती. तिसऱ्या दिवशी ती दोन पानं पुढे सरकलेली दिसली. अळी होती ती! काळपट अंग, मधोमध पांढरा पट्टा. याच वेषात ती कात टाकत वाढते आणि शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार होऊन पानांत मिसळून जाते. फांदीला जोरात धक्का बसला तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं, दोन टोकांचं मऊ शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सुटतो. हे सगळं मी एकाच फांदीवर पाहिलं. ती आता कुठल्या पानाकडे निघेल याचा अंदाज यायला लागला आणि कॅमेरा त्या पानावर आधीच लावून ठेवता आला. त्या आधी मी किड्यामागे धावत होते.

म्हणून एक झाड, एक भिंत किंवा एक कोपरा धरा आणि महिनाभर रोज वीस मिनिटं तिथेच जा. इथे काय असणार, असं वाटेल. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या जीवशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःच्या घराच्या बागेत १९७२ पासून ३० वर्षं नोंदी ठेवल्या. त्यांना २,६७३ जाती सापडल्या, आणि त्यातले जवळजवळ २,००० नुसते कीटक! उपनगरातली साधी बाग होती ती.

आता तांत्रिक भाग, कारण नवी मंडळी हिरमुसतात ती इथेच. एकास एक मॅक्रो म्हणजे किडा जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पट्टीवर, उमटते. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या मापाचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, त्यावर १० मिलिमीटरचा कोळी १० मिलिमीटर जागा घेतो. लेन्समधल्या उजेडाच्या छिद्राला ॲपर्चर म्हणतात, आणि एफपुढचा आकडा जितका मोठा तितकं ते बारीक. एवढ्या जवळ गेलं की एफ/८ ला जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा थर फोकसमध्ये राहतो, एफ/१६ ला साधारण २. साहजिकच ॲपर्चर आणखी बारीक करावंसं वाटतं. पण एकास एकला एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. मी एफ/११ च्या पलीकडे क्वचित जाते. त्याऐवजी कोन साधते. मिटल्या पंखांचं फुलपाखरू असेल तर सेन्सर पंखांना समांतर धरायचा, मग तोच १ मिलिमीटर दोन्ही टोकांना पुरतो. समोरून घ्यायचा असेल तर डोळे धारदार हवेत, बाकी विरघळलं तरी चालतं.

ऑटोफोकस बंद करा. लेन्स हव्या त्या मोठेपणाला लावून ठेवायची आणि स्वतः किंचित पुढेमागे डुलत, डोळा चमकला की बटण दाबायचं. डाव्या हाताच्या दोन बोटांत पानाचा देठ हलकेच धरून त्याच हातावर लेन्स टेकवली तर वाऱ्यात पान आणि कॅमेरा एकत्र हलतात. माझे हात थरथरतात म्हणून मी ही युक्ती शिकले, आणि आता ट्रायपॉड बहुतेक वेळा घरातच राहतो.

उजेडाचं म्हणाल तर फ्लॅश लागतोच, पण उघडा फ्लॅश नको. भुंग्याच्या पाठीवर त्याचा पांढरा ठिपका उमटतो आणि रंग मरतात. पॅकिंगमध्ये येणारा पातळ पांढरा फोम वाकवून लेन्सच्या टोकापर्यंत आणा. हा झाला डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा. तो किड्याच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितका उजेड मऊ. कमी शक्तीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही बराच छोटा असतो, त्यामुळे हाताचं हलणंही गोठतं.

सामानावर फार बोलत नाही. आजच्या बऱ्याच फोनमध्ये मॅक्रोची सोय आहे, तिथून सुरुवात करा. कॅमेरा असेल तर आहे त्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, लावा किंवा पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० सारखी क्लोज-अप लेन्स अडकवा. खास मॅक्रो लेन्स घ्यायची वेळ आली तर ९० ते १०५ मिलिमीटर फोकल लेंथची घ्या, हा आकडा मोठा तितकं लांबून काम होतं. ५० ची घेतली तर किड्याच्या अंगावर जाऊन उभं राहावं लागतं आणि तो उडतो.

वेळ पहाटेची. कीटकांचं शरीर बाहेरच्या उबेवर चालतं, म्हणून उन्हं अंगावर येईपर्यंत ते सुस्त असतात. दवाने भिजलेला चतुर तेव्हा मनासारखा बसून देतो. दुपारी तोच चतुर उडाला तर मागे जाऊ नका. बरेच चतुर फिरून त्याच काडीवर येतात, काडीवर फोकस लावून थांबा. आणि तुमची सावली आधी पुढे जाऊ देऊ नका.

उड्या मारणाऱ्या कोळ्याशी मात्र लपंडाव चालत नाही, तो तुम्हाला बघतोच. आठ डोळे, त्यातले समोरचे दोन मोठे. लेन्सच्या टोकापासून चार बोटांवर तो थांबला की नीट पाहा. त्या मोठ्या डोळ्यांची बाहेरची भिंग हलत नाहीत, आतली नळी हलते. ती तुमच्या दिशेने वळली की डोळा काळाभोर होतो, बाजूला सरकली की तपकिरी. पहिल्यांदा तो काळा होताना पाहिला तेव्हा मी बटण दाबायचं विसरले होते. असाच एक दिवस मुंगीचा म्हणून काढलेला फोटो मोठा करून पाहिला तर पाय आठ भरले. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालणारा कोळी होता तो. तेव्हापासून मी प्रत्येक मुंगीचे पाय मोजते.

एक चूक सांगायलाच हवी. त्याच लिंबावर कोष लटकला होता. पाठीमागे कुंडीची कड येत होती म्हणून मी ती काडी कापून आत आणली आणि टेबलावर आडवी ठेवली. फुलपाखरू सकाळी बाहेर आलं. ओले, चुरगळलेले पंख ताणायला त्याला उलटं लटकावं लागतं, आणि धरायला काहीच नव्हतं. मी पोहोचेपर्यंत पंख तसेच वाळले होते. ते कधीच उडलं नाही. तेव्हापासून मी काही कापत नाही, उचलत नाही, पान बाजूला केलं तर परत होतं तसं करते. किडा स्वस्थ बसावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारे लोक आहेत. कृपा करून ते शिकू नका.

नोंदवही ठेवा. तारीख, वेळ, झाड, काय करत होता. ओळख पटवायला एक देखणा फोटो पुरत नाही. वरून, बाजूने, चेहरा आणि जमलं तर पोटाकडून असे चार हवेत. मग ते आयनॅचरॅलिस्ट या संकेतस्थळावर टाका. २००८ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी जाणकार माणसं नाव सुचवतात आणि तुमची नोंद अभ्यासकांच्या कामी येते.

लिंबावर सध्या तीन कोष आहेत. त्यातला एक काल संध्याकाळी काळवंडला, कवचातून पिवळे ठिपके दिसताहेत. मागची कुंडीची कड अजून फ्रेममध्ये येते, येऊ दे. ट्रायपॉड आज बाहेर काढून दोन हातांवर लावून ठेवला आहे आणि गजर साडेपाचचा आहे.