होप्पेगार्टनच्या रेसकोर्सला जाण्याआधी

सर्वांत आधी सी झोनचं तिकीट. बर्लिनच्या लोकलची तिकिटं झोननुसार असतात: ए आणि बी म्हणजे शहर, सी म्हणजे शहराबाहेरचा परिसर. बाकी काही विसरलात तरी चालेल. होप्पेगार्टन बर्लिनला खेटून असलं, तरी ते ब्रांडेनबुर्ग राज्यात आहे. अलेक्झांडरप्लाट्झहून एस-५ लोकल थेट तिथं जाते, पण माल्सडॉर्फ सोडलं की बी झोन संपतो. मागच्या वेळी माझ्याकडे एबी झोनचं चोवीस तासांचं तिकीट होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पुढं तपासनीस आला, ६० युरो दंड झाला आणि त्या घोळात पहिली शर्यत हुकली. एबीचा पास असेल तर सी झोनचं जोडतिकीट मिळतं, ते घ्या. मशीनमधून कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या पेटीत शिक्का मारून घ्या. बिनशिक्क्याचं तिकीट दाखवलं तरी दंड होतो.

शर्यतीचा दिवस आहे ना, ते तपासा. इथं दर आठवड्याला शर्यती नसतात. ऑगस्टमध्ये ग्रोसर प्राइस फॉन बर्लिन ही शर्यत असते, २४०० मीटरची. २०११ साली डेनड्रीम ही घोडी ती जिंकली आणि त्याच वर्षी पॅरिसला आर्क ही नामांकित शर्यतही जिंकली. जमलं तर हाच दिवस धरा.

दुर्बीण हवीच. घोडे समोरून जातात ते काही क्षणच, बाकी सगळी शर्यत लांबवर चालते. वेळ काढून जा, कारण खरी मजा पॅडॉकपाशी, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेपाशी आहे. घोडा चालताना पाहिल्याशिवाय पैसे लावू नका. पुण्या-मुंबईत रेस खेळलेल्यांना विन (घोडा पहिला येणार) आणि प्लेस (पहिल्या काहींत येणार) शिकवायला नको: इथं विनला ‘झीग’ आणि प्लेसला ‘प्लाट्झ’ म्हणतात. खिडकीवर घोड्याचं नाव नको, नंबर सांगा.

जाण्याआधी थोडा इतिहास वाचा. १८६८ साली राजा विल्हेल्म पहिला आणि बिस्मार्क यांच्या हजेरीत हा ट्रॅक सुरू झाला. पुढं तो पूर्व जर्मनीत गेला. भिंत पडल्यावर ३१ मार्च १९९० ला दोन्ही जर्मनींतले घोडे इथं एकत्र धावले. हे माहीत असलं की त्या जुन्या स्टँडमध्ये बसताना अंगावर काटा येतो.

रविवारी दुकानं बंद, पाणी आदल्या दिवशी घ्या. छत्री, टोपी. थोडी रोकड.

आणि परतीलाही सी झोनचंच तिकीट लागतं. एकेरी घेतलं असेल तर स्टेशनवर गर्दी होण्याआधी दुसरं काढा, शिक्का मारा, मगच गाडीत चढा.