पहिली गिटार घेताय? या चुका टाळा

लातुरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचे आई-वडील बहुतेक वेळा एकच ऐकून आलेले असतात: "आधी अ‍ॅकॉस्टिक शिकावी, मग इलेक्ट्रिक." माझ्या मते पहिली चूक इथंच होते. (अ‍ॅकॉस्टिक म्हणजे पोकळ लाकडी पेटीची, तशीच वाजणारी; इलेक्ट्रिक म्हणजे अ‍ॅम्पला, आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, जोडून वाजवायची.) अ‍ॅकॉस्टिकची सगळ्यात बारीक तार साधारण 0.011 किंवा 0.012 इंचाची असते, इलेक्ट्रिकची 0.009 किंवा 0.010. म्हणजे इलेक्ट्रिकवर नवशिक्याची बोटं उलट कमी दुखतात. म्हणून आधी पोराला विचारा, तुला वाजवायचं काय? गाण्याला साथ धरायची, गॅदरिंगला उचलून न्यायची, तर अ‍ॅकॉस्टिक. रॉक आणि सोलोचं वेड असेल, तर खुशाल इलेक्ट्रिक घ्या. नीटची तयारी करणारं पोरगं भाड्याच्या खोलीत राहत असेल, तर शेजारच्याचा अभ्यास न मोडता इलेक्ट्रिक हेडफोनवर वाजवता येते. हा फायदा लहान नाही.

इलेक्ट्रिक घेताना सगळे पैसे गिटारवरच घालू नका. छोटा अ‍ॅम्प किंवा हेडफोन अ‍ॅम्प आणि केबल लागतेच.

"बोटं दुखतात, जमत नाही" म्हणून महिनाभरात गिटार खुंटीला टांगली जाते, त्याचं मला फार वाईट वाटतं. कारण पुष्कळदा दोष बोटांचा नसतो, तारा नेकपासून, म्हणजे गिटारीच्या मानेपासून, फार उंच असतात. दुकानातच बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी रेघ) मिलिमीटरची पट्टी धरून बघा. अ‍ॅकॉस्टिकच्या जाड तारेखाली दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठीक. तीनच्या वर गेलं तर एफ कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबून धरायचा सूरमेळ) धरताना हात रडकुंडीला येतो. अशी गिटार घरी असेल तर विकू नका, जाणकाराकडून सेटअप करून, म्हणजे तारांची उंची बसवून, घ्या आणि बारीक तारा लावा. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारला मात्र स्टीलच्या तारा कधीच चढवू नका. तो ताण तिला पेलत नाही, ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली खालची पट्टी, उखडतो.

आपल्याकडचा उन्हाळाही लक्षात घ्या. पारा 40 अंशांच्या वर गेला की पत्र्याच्या खोलीत लाकूड वाळतं, नेक वाकते, सांधे सुटतात. सॉलिड टॉपची, म्हणजे पुढची बाजू अखंड लाकडाची असलेली, महागडी अ‍ॅकॉस्टिक यात लवकर तडकते. लॅमिनेटेड, म्हणजे प्लायची, जास्त सोसते. पहिल्या गिटारीला तीच पुरे. कूलरसमोरही ठेवू नका, ओल्या वाऱ्यानं तारांना गंज चढतो. आतल्या भिंतीला, बॅगेत ठेवा.

इलेक्ट्रिक घरी आणल्यावर अ‍ॅम्प घुंऽऽ करतो आणि तारांना हात लावला की आवाज कमी होतो? गिटार खराब आहे म्हणून लगेच दुकानात पळू नका. थोडी घरघर काही पिकअपना (तारांचा कंप टिपणाऱ्या गिटारीवरच्या चुंबकांना) असतेच, पण खूप असेल तर बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत ते नुसतं नावाला असतं. तारांना झिणझिण्या लागत असतील तर अ‍ॅम्पचा प्लग ताबडतोब काढा, आणि वायरमननं अर्थिंग नीट करून देईपर्यंत पोराच्या हातात ती गिटार देऊ नका.