स्वस्त ग्राफिक्स कार्ड पारखताना या चुका टाळा

एनव्हिडिया कंपनीच्या जीटी १०३० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली गेली. मेमरी दोन्हींत २ जीबीच. पण २०१७ मध्ये आलेल्या पहिल्यात जीडीडीआर५ ही ग्राफिक्स कार्डांसाठीची वेगवान मेमरी होती आणि ती सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवायची. नंतरच्यात डीडीआर४, म्हणजे कॉम्प्युटरच्या साध्या रॅमची मेमरी घातली, तिचा वेग १७ जीबीच्याही खाली. गेममध्ये हे दुसरं कार्ड पहिल्याच्या जेमतेम निम्म्यावर येतं. खोक्यावरचं ‘२ जीबी’ वाचून घेणाऱ्याला यातलं काही कळत नाही. पै-पै जमवून कार्ड घेणाऱ्याची अशी फसगत झाली की फार वाईट वाटतं.

तेव्हा नुसत्या जीबीवर जाऊ नका. मेमरीचा प्रकार कोणता, बस (मेमरी आणि चिपमधली डेटाची वाट) किती बिटची, हे आधी बघा. एनव्हिडियाच्याच आरटीएक्स ३०५० चंही तसंच आहे. ८ जीबीवाल्याची बस १२८ बिटची, ६ जीबीवाल्याची ९६ बिटची आणि त्यात कोअरही (चिपमधले काम करणारे भाग) कमी. म्हणून ६ जीबीवालं वाईट असं मी म्हणणार नाही. ते ७० वॅटमध्ये भागवतं, त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नाही, जुन्या मशीनला ते वरदानच आहे. फक्त ८ जीबीवाल्याच्या चाचण्या पाहून ६ जीबीवालं घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे आपला मदरबोर्ड, म्हणजे कार्ड ज्यात बसतं तो पीसीचा मुख्य बोर्ड, विसरणं. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी स्लॉटमधल्या (कार्ड बसवायच्या खाचेतल्या) चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं. पीसीआय एक्सप्रेस ४.० (ही स्लॉटची पिढी) च्या बोर्डवर ते चालून जातं, ३.० च्या जुन्या बोर्डवर मात्र लेनचा वेग निम्मा होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळू लागतो. शिवाय या कार्डात व्हिडिओ एनकोडर (रेकॉर्ड होणारा व्हिडिओ आकाराने लहान करून साठवणारा भाग) नाही. गेम रेकॉर्ड करायचा असेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

वीज: स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या पॉवर केबलमधून आणखी ७५, ८ पिनच्या केबलमधून १५०. एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) ६ पिनची वायर नसेल तर साटाचं, म्हणजे हार्ड डिस्कच्या विजेच्या वायरीला जोडायचं, कन्व्हर्टर लावून वेळ मारून नेऊ नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरताच असतो; त्यापुढे तो वितळू शकतो.

कार्ड बसवलं आणि काहीच फरक जाणवला नाही? आधी मॉनिटरची केबल बघा. ती मदरबोर्डलाच लावलेली राहिली असेल तर नवं कार्ड नुसतं बसून आहे. केबल बरोबर असेल तर गेमचं रिझोल्यूशन कमी करून पाहा. तरीही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नसेल तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय. रॅमची एकच स्टिक असेल तर तिथे दुसरी लावणं जास्त उपयोगी पडेल.

जुनं कार्ड घेताना जीपीयू-झेड (कार्डाची तपशीलवार माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या चिपचं बायोस (कार्डातला मूळ प्रोग्राम) बदलून जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवलेली कार्डं बाजारात आहेत, आणि विंडोज त्यांचं खोटं नावच दाखवतं. मग एखादा जड गेम अर्धा तास चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे उमटले तर कार्ड तिथेच परत करा.